मेले, काका, मेले

दुसरी पाळी साडेअकराला सुटते.
उद्यमबागेतून अनगोळच्या चढाला सायकल हातात धरून
घरी येतो, हात रॉकेलनं धुतो,
जेवतो, आणि बारा दहाला
लढाऊ विमानात बसतो.

विमान म्हणजे लिलावातली फिरकी खुर्ची,
एक चाक नसलेली.
दांडा मीच लेथवर काढला, ईएन-आठच्या तुकड्यातून,
माल शॉपमधला, सांगू नका कुणाला.
खाली लुनाच्या क्लचची स्प्रिंग.
कितीही मुरगळा, परत जागेवर येतो,
बऱ्याच माणसांपेक्षा बरा.

शिकवणारी चिकोडीची. चैत्रा मगदूम, वय पंधरा.
चेहरा पाहिलेला नाही. कानात आवाज तेवढा,
मागं म्हैस हंबरते, कधी तिची आई म्हणते, "मलको."
मराठीत सुरू करते, मध्येच शाळेतल्या पुस्तकी कन्नडात शिरते,
घाईत असली की पूर्णच.
मला कन्नड येतं. बाजारापुरतं, बँकेपुरतं,
तहसीलच्या खिडकीपुरतं.
पडताना येत नाही.

पहिल्या आठवड्यात मी रोज टेकडीवर आदळायचो
आणि ती ओरडायची, "मेले! काका, मेले, मेले!"
मी म्हणायचो, होय की, मेलो की, कळलं,
आणि हात सोडून द्यायचो.
चौथ्या दिवशी ती हसून हसून दमली.
"मेले म्हणजे वर, काका. वर ओढा."
एवढ्या वेळा ती मला वर बोलवत होती
आणि मी सुतक धरून बसलो होतो.

मग दुसरं. नाक वर केलं म्हणून विमान वर जात नाही.
वेग संपलेला असतो आणि आपण ओढतच राहतो,
पंख थरथरायला लागतात.
तेव्हा नाक खाली द्यायचं. पडतोय तिकडंच.
हे हाताला पटत नाही.
तेवीस वर्षं मी या हाताला
मिलिमीटरचा शंभरावा भाग पटवलाय,
पण हे नाही.
"निधान, काका, निधान," ती म्हणायची.
म्हणजे सावकाश.
आमच्या शाळेत निधान म्हणजे पुरलेला ठेवा होता.
दोन्ही चालेल, म्हटलं.

नकाशा कुठल्या तरी वाळवंटाचा.
त्यात बेळगाव नाही. इकडंही नाही, तिकडंही नाही.
एकदा शोधून बघितलं. बरं वाटलं.

समोरची विमानं कोण चालवतं, ठाऊक नाही.
एकदा एकाच्या मागं लागलो, बराच वेळ.
ऊन त्याच्या पंखावर असं पडलं होतं
की बटण दाबायचं विसरलो.
"हिंदे नोडी!" ती म्हणेतो माझ्यामागं दुसरा,
आणि तेवढ्यात लाइट गेली.
काळ्या पडद्यासमोर मी दांडा धरून,
डास, शालनचं घोरणं,
आणि ते विमान माझ्याशिवाय
कुठंतरी अजून उडत असणार.

फेब्रुवारीत म्हणाली, दहावी आहे,
बाबा उद्यापासून राउटर कपाटात ठेवणार.
तेव्हापासून एकटाच उतरतो.
उतरणं काही जमत नाही. टेकतं, उसळतं, परत टेकतं,
धावपट्टी संपल्यावर मातीत थांबतं.
कानात कुणी हसत नाही.

परवा शॉपमध्ये क्रेनला सव्वा टनाचं कास्टिंग होतं,
पंपाची बॉडी.
बैलहोंगलचा नवा पोरगा खाली वाकून
लोखंडाचा चुरा गोळा करत होता.
साखळी एक कडी घसरली.
माझ्या तोंडून निघालं, "मेले! मेले!"
रायबागच्या क्रेनवाल्यानं, कोण ओरडलं न बघता,
बटण दाबलं. कास्टिंग वर गेलं.
पॅकिंगमधून सुळग्याचा नागोजी धावत आला,
कोण? कोण मेले?

कुणी नाही, म्हटलं. वर म्हणालो, वर.
मूठ अजून
पोटाशी ओढलेली होती.