टाच

पहिल्याच संध्याकाळी पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला
माझ्यामुळे.
"ओ फोटोवाले, फ्लॅश बंद करा. पोरींच्या डोळ्यांवर येतोय."

बावीस वर्षं लग्नं काढली मी
जिंतूर रोडच्या झाडून सगळ्या मंगल कार्यालयांत.
माणसं माझ्याकडे बघून थांबायची.
एका नवरदेवाला तर दोनदा हार घालायला लावलाय,
पहिल्या वेळी त्याचे डोळे मिटले म्हणून.

इथं कोण थांबणार?
परभणीतला हा हॉल, बारा ट्यूब,
त्यातल्या चार मुक्या, एक सारखी डोळा मारणारी.
खाली निळ्या मॅटवर पोरींचा खो-खो,
आणि उजेड
चौथ्यांदा उकळलेल्या चहापत्तीसारखा.

घरी येऊन कार्ड उघडलं. तीनशे बारा फोटो.
धावणाऱ्या सगळ्या पोरी धूर.
वेणी एकीकडे, खांदा भलतीकडे,
खांबाशी सूर मारलेली कोणी
ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी.
फक्त पाचव्या चौकटीत बसलेली
अख्खी आली होती,
गुडघ्यावरच्या खपलीसकट.
छातीवर नऊ नंबर.

चाऊस सर दारातल्या खुर्चीवर असतात.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, खुर्ची सुटली नाही.
शटर त्यांना कळत नाही, आयएसओ तर नाहीच.
म्हणाले, "पळणारीच्या मागं काहून पळायलास तू?
ती गेली ना बाबा.
बसलेलीची टाच बघ.
खो मिळायच्या आधी टाच उचलती."

शिकलो मग, या वयात.
साठावरून पाचशेवर नेलं शटर
आणि हॉल विहिरीत पडला.
आयएसओ वाढवत नेला सहा हजार चारशेपर्यंत,
तेव्हा पोरी वर आल्या, अंगभर खसखस घेऊन.
पन्नासची जुनी लेन्स सताड उघडली;
तिच्यात नाक स्वच्छ, कान वाहून गेलेला.
एक फोटो पिवळा, लगेच पुढचा हिरवट.
कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात नेला,
तर तो पोरगा हसला:
काका, ट्यूब सेकंदाला शंभरदा विझते.
जन्मभर तिच्याच उजेडात जेवलोय मी.

मधल्या रविवारी गंगाखेडला लग्न होतं.
अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली,
आणि मी नवरीच्या टाचेवर फोकस लावून बसलेलो.
तिच्या मामानं हटकलं.
सांगणार काय त्याला?
पण शेवटच्या सावधानच्या आधी
उचलली होती तिनं. बोटभर.

फायनल जालन्याशी.
शेवटची दोन मिनिटं, दोन गुण हवेत,
डोळा मारणारी ट्यूबही आता विझलेली.
पाचव्या चौकटीत टाच हलली
आणि मी बोट दाबलं.
"खो" मला नंतर ऐकू आला.

जिंकलो की हरलो ते विचारू नका,
मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघत होतो.
एक पाय मॅट सोडलेला,
पिंडरीची दोरी ताणलेली, तळव्याला निळा रंग लागलेला,
आणि तोंड वळलेलं
नेमकं मुक्या ट्यूबांकडे. काळंठिक्कर.

पंचशीला खिल्लारे आली, घामाघूम, पाण्याची बाटली काखेत.
"माझं तोंडच नाही आलं ह्याच्यात."
नाही आलं, म्हणालो.
"पाय लई भारी आलाय पण."
मग जरा थांबून,
"आईला पाठवायला तोंड असलेला हाय का एखादा?"

मी पहिल्या संध्याकाळचा काढून दिला.
स्वच्छ. एक कण नाही. पापणीचे केस मोजावेत असा.
तिनं दोन बोटांनी मोठा करून बघितला,
गुडघा बघितला, खपली बघितली,
कॅमेरा परत केला.
"हा नको," म्हणाली, "ह्यात मी बसलेली हाय."
आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला
तशी पळाली.