तिरपा माल

बिराजदार बाईंनी वहीत लाल गोल काढला होता.
पाया साठ, बाजू तीस, माझं उत्तर अठराशे.
बाजूला बारीक अक्षरांत: उंची कुठंय?

नायना नुकतेच कारखान्यातून आले होते,
भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी,
कानात अजून माग चालू, म्हणून मोठ्यानं बोलत.
मराठी अक्षरं त्यांना सावकाश लागत,
आकृती लगेच लागली.
"हा तर तिरपा माल.
असले सात आज शेठनं परत दिले."

त्यातलाच एक टॉवेल काढला. साठ बाय तीस.
आधी सरळ करून भिंतीला लावला,
खालची किनार फरशीला टेकवून दोन खिळे.
वरचे दोन कोपरे माझ्या आणि वेंकूच्या हातात.
"आता उजवीकडं सरका. हळू. अजून."
अठरा इंच सरकलो.
चारी किनारी होत्या तेवढ्याच.

मग एक रिकामी कांडी
सुताला बांधून त्यांनी माझ्या कोपऱ्यातून खाली सोडली.
फिरली. डुलली.
वेंकू हसला तशी परत डुलली.
थांबली.
टॉवेलच्या तारा कलत्या,
हे एकच सूत सरळ फरशीवर.
"मोज."
चोवीस.

साठ चोक दोनशे चाळीस, साठ वीस बाराशे...
चौदाशे चाळीस!
"मग नायना, तीनशे साठ गेले कुठं?"

ते टॉवेल तळहातावर तोलत बसले.
"तार एक कमी नाही. काट्यावर टाक, तेवढाच भरेल.
दाटलाय फक्त.
झाकायला कमी पडणार."

आई सुपातून मान वर न करता,
कात्री तेंदूच्या पानात तशीच चालू:
"वहीतला तो कलता कोपरा काप.
फेकू नको. पलीकडं लावून बघ."
स्वतः दिवसभर पानांचे कोपरे फेकणारी.
मी कापला, लावला.
नीट बसला. साठ बाय चोवीसचा आयत,
थोडी खळ बोटाला.

आमच्या घरात चादरी सगळ्या परत आलेल्याच.
त्या रात्री वेंकूनं आमची नाकापर्यंत ओढली
आणि माझी पावलं उघडी पडली.
भांडले नाही.
अंधारात अंगठ्यानं तिचा कोपरा चाचपत
कांडी कुठून सोडायची
ते ठरवत राहिले.