डावा पीळ

गुरुवार. भोसरीची साप्ताहिक सुट्टी.
बॉयलर काल रात्रीच विझवलेला,
तरी पाइपांवरचं लॅगिंग हाताला कोमट,
ताप उतरलेल्या पोराच्या पाठीसारखं.
मौलालीचाचा शिकलगार घोड्यावर चढले.
खाली मी, हातात पान्यांचा डबा,
हुद्द्याने त्यांच्या वरची,
वयाने त्यांच्या शेंडेफळाएवढी.

साडेदहा किलोची वाफ इकडून येते,
साडेतीनची होऊन रबराच्या प्रेसकडे जाते.
मध्ये हा एवढासा बिडाचा गडी,
पोटात स्प्रिंग, स्प्रिंगखाली पातळ डायफ्रॅम.
महिनाभर तो ऐकत नव्हता.
रात्री प्रेस थांबले की पुढचा काटा चढायचा,
चार, सव्वाचार, साडेचार,
जिना चढणाऱ्या चोरासारखा.

चाचांनी व्हॉल्व्ह उघडला, सीट उजेडाला धरली.
काठावर केसाएवढी चर.
ओल्या वाफेनं कोरलेली.
"ह्याला शिव्या देऊ नका, बाई. मागं बघा."
मागं ट्रॅप मेला होता, कधीचा कुणास ठाऊक.
स्ट्रेनरची टोपी फिरवली
तर ओंजळभर तांबडा गाळ, वेल्डिंगचे मणी,
टेफ्लॉनची एक चिंधी.
लाइन टाकली तेव्हा कुणी फुंकून घेतली नव्हती.
"आणि जाळीचं पोट खाली लटकवलंय.
पाणी साचणारच. आडवं हवं,
कुशीवर झोपल्यासारखं."

मग काच, काचेवर पेस्ट,
आणि सीट घासणारा हात, इंग्रजी आठ गिरवत.
"मराठी आठ चालत नाही," ते म्हणाले,
"त्याला परतीची वाट नाही."
तासभर नुसती खसखस.
"आजा पात्यांना धार लावायचा.
मी वाफेची धार बंद करतो. आडनाव तेच."

तासाभरानं ते सेफ्टीकडे वळले.
मी म्हटलं, ती ठीक आहे, राहू द्या.
त्यांनी टॉर्च मारला.
शिशाचं सील नव्हतं.
त्या जागी सेंट्रिंगची तार, दोन वेढे,
आत स्क्रू अडीच फेरे जास्त.

मागच्या मंगळवारी ती सारखी उडत होती.
धारवाडकरांचा फोन, वाफ वाया चाललीय.
पुन्हा फोन, लोक कान धरून उभेत.
तिसऱ्यांदा नुसतं माझं नाव.
दहा मिनिटांत ती गप्प झाली होती
आणि लॉगबुकात काहीच लिहिलं नव्हतं.

चाचांनी तार बोटांत फिरवली.
"पीळ डावा आहे," एवढंच म्हणाले.

शाळेत पट्ट्या खाऊनही
माझा डावा हात उजवा झाला नाही.
त्याच हातात तेव्हा डबा होता.
ते घोड्यावरून उतरले, डबा काढून घेतला,
पक्कड दिली
आणि बिडी नसतानाही बिडी शोधत
दाराकडे गेले.

तार कडक होती. मीच कडक बांधली होती.

स्टोअरमधून सील असलेली नवी सेफ्टी आणली.
जुनी टेस्ट बेंचला पाठवायची, चिठ्ठी माझ्या सहीची,
कारणाच्या रकान्यात खरं कारण.
व्हॉल्व्हवरचा बाण प्रेसकडे,
दोनदा बघितला.
फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे आवळले.
बायपास बंद, त्याच्या चाकाला साखळी,
चावी चाचांच्या खिशात.

रात्री साडेनऊला बॉयलर पेटला.
आधी ड्रेन उघडले, थुंकत थुंकत पाणी गेलं.
मग वाफ, केसभर, मग बोटभर.
घाई केली की पाइप हाणामारी करतात.
स्प्रिंग सैल होती तिथून
पाव पाव फेरा चाचांनी दाब वाढवत नेला,
दर पावाला थांबून, कान देऊन.

पहाटे तीनला प्रेस थांबले.
फोन वाजत होता, टेबलावर सरकत होता.
मी गेजसमोर.
काटा साडेतीनवर.
काचेवर टिचकी मारली.
हलला नाही.
पुन्हा मारली, डाव्या हाताने.