एका जातीचं एकच

अमळनेरात, बोरीच्या पुलाअलीकडे
घड्याळं दुरुस्त करतो मी. दुकान चार फूट बाय सहा.
सेल बदलायचे तीस रुपये घेतो,
दर दहाव्या सेलाचे तीस
मलमाच्या रिकाम्या डबीत टाकतो.
महिन्याला दीडशे, लगीनसराईत दोनशे जमतात.
एवढ्यात मोहरा येत नाहीत.
खुर्दा येतो.

नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहिला :
एका जातीचं एकच नाणं.
जात म्हणजे इथे घडण : धातू, काठ, अंगावरचं चित्र.
प्रत्येक सालाचं वेगळं नको, टाकसाळीच्या खुणा नकोत.
सालांच्या मागे लागलेले धुळ्याचे एक मास्तर पाहिलेत मी,
सदतीस डबे,
आणि मुलीच्या लग्नात पाहुण्यांना
एकही पलंग मोकळा नाही.

माझं सगळं एका साडीच्या खोक्यात मावतं.
पुठ्ठ्याला भोकं पाडली चांभाराच्या पंचाने,
वरून लग्नपत्रिकांचं प्लास्टिक.
घोड्याचा पैसा. बैलाचा आणा.
दहा नये पैसे, करंजीसारख्या काठाचे.
तीन पैसे, सहा कोपऱ्यांचे, फुंकरीनं सरकतील इतके हलके.
कमळाचे वीस पैसे मात्र पिवळेधमक मिळाले,
कारण ते कुणी खर्चलेच नाहीत,
दर दिवाळीला पाटावर मांडून पुन्हा डब्यात.

हकीमुद्दीनभाईंच्या भंगारात
अ‍ॅल्युमिनियम किलोवर असतं,
चेपलेल्या पातेल्यांत चौकोनी पाच पैसे.
मी भिंग डोळ्याला लावून उकिडवा बसतो तेव्हा
हमाल विचारतो,
‘काय करी ऱ्हायना भाऊ, चिल्लर सुंघी ऱ्हायना का?’
सुंघतोही कधी कधी. तांब्याला वास असतो.
बाकी झीज बघतो. झीज मला कळते,
धंदाच तो.

तापीच्या पुलाखाली पोरं
दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात.
निकेल चिकटतं, स्टील चिकटतं,
तांबं खालीच राहतं नवसासकट.
जुना निकेलचा रुपया तिथूनच घेतला, वीसला.
पोरगं म्हणालं, काका, रुपयाचे वीस?
मी म्हटलं, गप. उद्या तू तीस मागशील.

एक भोक रिकामं होतं. भोकाच्या पैशाचं.
जळगावात ऐंशीला मिळतो, माहीत होतं,
पण ऐंशी म्हणजे अर्धा महिना,
म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलत होतो,
दोन वर्षं.

बाजाराच्या दिवशी धुरपताबाई आल्या,
भिंतीवरचं घड्याळ पिशवीत, नातू कडेवर.
नातवाच्या करदोड्यात, बेंबीखाली,
तो.
मी काही बोललोच नव्हतो.
भिंग डोळ्यावरच होतं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं :
‘हाई इकाले नही.’

नुसतं बघू का, म्हटलं.
पोर वळवळलं, माझ्या भिंगाला हात घातला.
वरचा मुकुट पुसून गेलेला,
साल नाही, अक्षर नाही,
दोऱ्यानं घासून भोक तेवढं वाढलेलं.
आधी यांच्या आजाच्या कमरेला होता, मग दिराच्या,
मग लेकाच्या, त्या म्हणाल्या,
आणि करदोडा सरळ केला.
एवढं झिजलेलं नाणं मी फुकट घेत नाही.
ते हातातून सोडवत नव्हतं.

सेल बदलला. तीस रुपये घेतले,
धंदा तो धंदा.

हर्षाली म्हणते, बाबा, घेऊन टाका ना ऐंशीचा,
डबीत दोनशे दहा आहेत.
घेईन. जळगावला जाणं झालं की.
वहीत प्रत्येक जातीपुढे दोन रकाने आहेत,
किंमत आणि कुठून मिळालं.
भोकाच्या पैशापुढे तूर्त पेन्सिलीने लिहिलंय :
पाहिला.
मालकाला अजून बसता येत नाही.