सहा टक्के

पुस्तकात लिहिलं होतं : सुगंधी आम्ल.
म्हणून बारावीच्या प्रॅक्टिकलला
मी सरळ बाटलीत नाक खुपसलं.
वास कसला, नुसती ठसक,
आणि मग शिंकांवर शिंका.
भामरे सर म्हणाले, अगं, सुगंध इथे नावापुरता.
सहा कार्बन हात धरून बसलेत गोल,
एवढाच त्याचा अर्थ.

आप्पा रविवार कारंज्यावर कंपाउंडर.
त्यांना सांगितलं तर हसले,
फरशीवर मलम घोटत राहिले.
बेंझोइक सहा टक्के, सॅलिसिलिक तीन,
बाकी व्हॅसलीन.
गंगेवर लोकांची धुणी धुणारी गयाबाई
औषधाचं नाव कधी विचारायची नाही.
चिखल्यांनी पांढरे पडलेले पाय
पायरीवर ठेवायची फक्त.
झोंबेल हं, आप्पा म्हणायचे.
झोंबू द्या, ती म्हणायची,
खाजेनं झोप तर मोडणार नाही.

मग एका शुक्रवारी चौक मंडईत,
मुनाफचाचांच्या दुकानात,
पळीत लोबानाचा खडा, खाली बारीक आच,
वर उपडं धरलेलं काचेचं नरसाळं.
धूर वर गेला, काचेला टेकला,
घुटमळला
आणि त्याच्या सुया झाल्या.
पांढऱ्या, इतक्या हलक्या
की चाचांनी श्वास रोखून धरला.
हे घे तुझं आम्ल, आप्पा म्हणाले.
चाचा म्हणाले, चाळीस साल विकतोय,
आत कोण राहतं ते आज कळलं.
दुकान घमघमत होतं.
तो वास सुयांचा नव्हता, राळेचा होता,
मला माहीत होतं.
तरी मी वहीत लिहिलं : सुगंधी.

आता मी अंबडला, द्राक्षाच्या स्क्वॅशवर.
किलोला सहाशे मिलिग्रॅम, वर एक कण नाही.
आणि आंबटपणा उतरला
तर हे आम्ल नुसतं बसून राहतं,
बुरशीला हटकतसुद्धा नाही.
म्हणून आधी पीएच, मग सही,
मग बॅच, मग तारीख.
दिवसभर गमबुटात पाय.

परवा कपाटात आप्पांची एक डबी निघाली.
वरच्या पट्टीवर त्यांचं तिरकं अक्षर :
गयाबाई. रात्री. पाय कोरडे करून.
न्यायला आलीच नसावी.
झाकण फिरवलं. मलम कडेला जरा पिवळं,
मधे आप्पांच्या चमच्याचा वळसा तसाच.

रात्री पाय कोरडे केले.
करंगळीच्या बेचक्यात बोटभर लावलं.
झोंबलं.

तारीख बघायची राहिली,
माझ्याकडून.