एकवीस अक्षरं

मिरकरवाड्याकडून वारा आला की
लॅबमध्ये सुकटीचा वास येतो
आणि सर म्हणतात, खिडकी लाव, प्लेट खराब होईल.
मी खिडकी लावते.
हातमोज्यांवर हातमोजे, कारण आरएनए
माणसाच्या घामानंही मरतो,
बोट नुसतं लागून गेलं तरी.

फ्रीजरमधून काढलेली नळी बर्फात ठेवते.
दोन पदरांचा, एकवीस अक्षरांचा तुकडा.
दिसायला काहीच नाही,
तळाशी एक थेंब, ज्याचं बिल
माझ्या महिन्याच्या फेलोशिपएवढं.

पेशी कुणाच्या तरी जिभेच्या.
माणूस कधीच गेला. कुठला होता ठाऊक नाही,
मराठी तर नक्कीच बोलत नसणार.
जीभ मात्र इथे रत्नागिरीत,
सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात
वाढते आहे. थांब म्हटलं तर थांबत नाही.
एक जनुक आहे तिच्यात, ते सारखं सांगत राहतं,
वाढ, वाढ, वाढ.

ते जनुक आम्ही मारत नाही.
ते आतल्या खोलीत बसून चिठ्ठ्या लिहितं.
आम्ही उंबऱ्याबाहेर उभे.
चिठ्ठी येते,
आमची एकवीस अक्षरं
तिच्यातल्या एकवीस अक्षरांवर बरोब्बर बसतात
आणि पेशीचीच कात्री
(पेशीचीच, याचं मला अजून नवल वाटतं)
ती मधोमध कापते.
लिहिणारा लिहीतच असतो.
पोचत काही नाही.

शेजारच्या खळग्यात कंट्रोल.
तीच अक्षरं, तेवढीच, किंमतही तीच,
फक्त क्रम विस्कटलेला,
कुठल्याच चिठ्ठीवर न बसणारा.
त्यानं काहीही होता कामा नये.
त्या नळीच्या टोपणावर मी मार्करनं फुली मारते.

अंबी आतेची जीभ निम्मी काढली, शिमग्यानंतर.
चाळीस वर्षं मिश्री, तव्यावर काळी केलेली,
तर्जनीनं, पहाटे, बंदरावर जायच्या आधी.
ती लिलाव पुकारायची तेव्हा
जेटीवरचे बगळे उडायचे म्हणतात.
बगळे नव्हते, घारी होत्या. मी पाहिल्यात.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिनं विचारलं होतं,
"तिकडं बसून काय करतंस गो दिवसभर?"
म्हटलं, एकाला गप्प करते.
"गप करायला आमच्यात शाळा लागत नाय,"
म्हणाली, आणि चूळ भरायला उठली.

अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी पाहिली.
चार आण्यांवर आला होता आवाज.
सरांनी शेजारच्या खोलीतून माणसं बोलावून दाखवली.
पाचव्या दिवसाचं मी तेव्हा काढलं नाही.
पेशी दुभंगत जातात, थेंब वाटला जातो,
पातळ होतो,
आणि ते पुन्हा बोलू लागतं, आधी कुजबुजत.
शिवाय ताटलीतल्या जिभेपासून
माणसाच्या तोंडातल्या जिभेपर्यंतची वाट
अजून चाचपडण्याचीच आहे.
आते विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही.

काल संध्याकाळी बंदरावर गेले.
आते टोपलीवर हात ठेवून उभी,
सौंदाळे, वर दोन सुरमया.
तिनं काहीतरी पुकारलं.
तोंडात तेच आवाज, सगळे, सांडलेले.
मला कळलं नाही.
मला, जी अक्षरं जुळवून पोट भरते.
बशीर होडेकर मान न वळवता म्हणाला,
"अडीच हजार जास्त होतात, अंबीबाय. बावीसशे."
ती पुन्हा ओरडली. तोच गोळा, जरा वरच्या पट्टीत.
"बरं बाबा, चोवीसशे. उचल रे."
पोऱ्यानं टोपलीवर बर्फ ओतला.

आज कंट्रोलच्या खळग्यावर
जरा जास्त वेळ वाकून बसले.
काही झालं नव्हतं.
वहीत तसं लिहिलं, तारीख टाकली,
मग टोपणावरची फुली पुसायला
स्पिरिट शोधत राहिले.