बोटांचे ठसे

आपोंडीने फोन माझ्या टेबलावर ठेवला
तेव्हा काचेवर मासळीचे दोन खवले चिकटलेले होते,
वाळून नखासारखे झालेले.
"याला औषध घाल," ती म्हणाली,
"विषाणूवरचं. माझ्या जावेच्या फोनला घातलंय कुणीतरी,
दोनशे शिलिंगांत."

किसुमूच्या किबुये बाजारात माझं टेबल
जुन्या चपलांचा ढीग आणि कोळशाची पोती
यांच्यामध्ये कसंबसं उभं आहे.
औषध मागणारं रोज कुणीतरी येतंच.
तशी पाटी लावली असती
तर एव्हाना वर पत्रा आला असता.

फोन उघडला. उघडला कसला,
नुसतं बोट लावलं. दाराला कडीच नव्हती.
आत एक हिरवीगार ढाल, ढालीवर झाडू,
आणि ती ढाल दर मिनिटाला ओरडत होती:
धोका! धोका! इथे दाबा!
दाबलं की बुटांची जाहिरात.
तिला मेसेज वाचायची परवानगी होती,
बॅटरी तर ती खातच होती,
वर राखणीचे म्हणून महिन्याचे पैसे मागत होती.
"हे कुणी बसवलं?"
"फोन आजारी आहे, असं फोनच म्हणाला.
मी घाबरून हो म्हटलं."

मी ढाल काढून टाकली.
मग तिला सांगायला लागले
की आत प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत राहतं,
खोल्यांच्या भिंती बऱ्यापैकी पक्क्या आहेत,
पहारेकरी ठेवलास तरी त्यालाही
शेजारच्या खोलीत डोकावता येत नाही.
तो पडवीत बसून खोकतो, एवढंच.
चोर भिंत फोडत बसत नाही, आपोंडी,
तो दार वाजवतो
आणि तुझं नाव घेऊन हाक मारतो.

ती गप्प झाली.
कोळसेवाल्याने एक पोतं ओतलं, धूळ उडाली, बसली.
मग म्हणाली, "मार्चमध्ये एकाने हाक मारली होती.
चुकून तुमच्या खात्यात पैसे आलेत, म्हणाला,
मेसेजमधला आकडा तेवढा वाचून दाखवा.
माझ्या माहेरच्या बोलीत बोलत होता गं.
जेवलात का, असंही विचारलं."
चार दिवसांची मासळी गेली त्यात.
घरी अजून कुणाला ठाऊक नाही.
"म्हणून म्हटलं, औषध."

त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

होती ती फुटकळ कामं:
चौदा महिने 'नंतर, नंतर' म्हणत ढकललेलं अपडेट.
एक टॉर्च, तिला ओळखीच्या सगळ्यांचे नंबर हवे होते.
(उजेड पाडायला गावभरची नावं कशाला?)
पुतण्याने लिंकवरून उतरवलेला एक खेळ,
जो पुतण्याही आता खेळत नाही.

शेवटी म्हटलं, बोट ठेव, कुलूप लावू.
तिने अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.
तर्जनी. पुन्हा प्रयत्न करा.
डावा हात, पुसून, पदराने नव्हे, माझ्या फडक्याने.
पुन्हा प्रयत्न करा.
सव्वीस वर्षं खवले काढून काढून
रेषाच उरल्या नव्हत्या बोटांवर.
"मला सरोवर ओळखतं," ती हसून म्हणाली,
"यंत्रं नाही ओळखत."

"मग आकडा ठेव. सहा अंकी."
"थोरल्याची जन्मतारीख?"
"ती अख्ख्या बाजाराला पाठ आहे."
तिने बराच वेळ विचार केला.
मी चपलांच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिले,
एका डाव्या पायाचा उजवा जोडीदार शोधत.
मागे सहा वेळा टक्. पुन्हा सहा वेळा टक्.

अपडेटला पाऊण तास लागला.
निघताना तिने कागदात गुंडाळलेली एक तिलापिया ठेवली,
दोन पावलं गेली, परत आली.
"आकडा कुणालाच सांगायचा नाही?"
"कुणालाच."
"बँकेतून विचारलं तर?"
"बँक विचारत नाही."
"आणि तू विचारलंस तर?"
"मला तर मुळीच नाही."

तेव्हा तिने पहिल्यांदाच
माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.
मला बरं वाटलं.